पुस्तक भिशी: जानेवारी ते मार्चच्या नोंदी

१८ जानेवारी

यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तक द्यायचं ठरलं. सहजासहजी नाही. डब्यांचा पक्ष मजबूत होता. "पुस्तक घेऊन काय करीन कोणी? डबा वापरात तर राहते," हा त्यांचा मुद्दा, आणि तो अगदीच खोटा नाही. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तोडगा काढला. त्या मनपाच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत, त्यामुळे तोडगा काय आणि हुकूम काय, सूर एकच. वाण पातळशा पुस्तकाचं. शिवाय आमची भिशी ती आता पुस्तक भिशी: जिचा नंबर लागेल तिने उचललेल्या रकमेतून पाचशे रुपये पुस्तकांसाठी काढायचे. दर शनिवारी चार वाजता पार्किंगला लागून असलेल्या सोसायटीच्या खोलीत बसायचं आणि मोठ्याने वाचायचं. पुस्तकं बायकांनी लिहिलेली किंवा बायकांवर लिहिलेली. नोंदवही माझ्याकडे, कारण भिशीचा हिशेबही माझ्याकडेच असतो.

तळमजल्यावरच्या मावशींचे यजमान गेल्यापासून त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं जात नव्हतं. यंदा काकूंनी स्वतः जाऊन बोलावलं. मावशी आल्या, तिळगूळ घेतला, कुंकू नको म्हणाल्या, आणि वाणाचं पुस्तक तिथेच उघडून बसल्या. यावर कोणीच काही बोललं नाही. आमच्या सोसायटीत याला मंजुरी म्हणतात.

२४ जानेवारी

यादीचं काम. प्रत्येकीने ग्रुपवर नावं टाकायची होती. आली ती अशी: सावित्रीबाई फुले, आनंदीबाई जोशी, रमाबाई रानडे, पंडिता रमाबाई, पुन्हा सावित्रीबाई, पुन्हा आनंदीबाई. सगळ्या थोर, यात वादच नाही. पण शाळेच्या पुस्तकात ज्या भेटल्या त्यांच्या पलीकडे आमची गाडी जात नाही, आणि त्या पुस्तकातला रस्ता बहुतेक वेळा पुण्यावरून जातो. मी अट घातली की निम्म्या तरी विदर्भातल्या हव्यात.

"इकडे कोण आहे बाप्पा?" असं लगेच विचारलं गेलं. काकू बोटांवर मोजू लागल्या. तेराव्या शतकातली महदाइसा. तिने महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्यासाठी धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, रचले ते रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यात. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात, आणि मराठी भाषा विद्यापीठ आज त्याच गावात आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वाशिमला जन्मलेल्या गीता साने. अमरावतीत जन्मलेल्या आणि नागपुरात मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या कुसुमावती देशपांडे. नागपूरच्याच कुमुद पावडे आणि आशा बगे. म्हणजे नावं काकूंच्या बोटांवर होती, कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

डब्यांच्या पक्षातर्फे कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' सुचवली गेली. थोडं हसू झालं. मी ती यादीत घेतली. १९७० साली आलेल्या या पुस्तकाने मापं वाटी-चमच्यात सांगून किती नव्या संसारांना हात दिला असेल! बाईने लिहिलेलं आणि बायकांनी खरंच वापरून फाटेस्तोवर वाचलेलं पुस्तक यादीत नसेल तर मग यादीला अर्थ काय?

३१ जानेवारी

पुस्तकं मिळवण्यात आठवडा गेला. 'स्मृतिचित्रे' दोन घरांत निघाली. कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' दुकानात नव्हतं, काकूंच्या एका जुन्या सहकारी बाईंकडून आणलं. 'आम्हीही इतिहास घडवला'ची एक प्रत सीताबर्डीच्या बाजारात मिळाली, आधीच्या मालकाच्या पेन्सिलच्या खुणांसकट. विदर्भ साहित्य संघ झाशी राणी चौकात आहे. तिकडे जाताना माझी भाची म्हणाली की नागपुरात एखाद्या बाईचं नाव रोज तोंडी येतं ते या चौकामुळे, आणि तीही झाशीची. भाची कॉलेजात इतिहास घेऊन शिकते. तिला नोंदी ठेवायला मदतीला घेतलं आहे.

झेरॉक्सचा नियम ठरवून घेतला. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, त्यानंतर पुस्तक सगळ्यांचं. म्हणजे ताराबाई, लक्ष्मीबाई टिळक, काशीबाई कानिटकर यांच्या प्रती काढायला हरकत नाही. कुमुद पावडे २०२३ साली गेल्या. त्यांचं पुस्तक असेल त्या एका प्रतीवरूनच वाचायचं. "कोण बघायला येते?" असं एकीने म्हटलं. कोणी येत नाही, पण ज्या बायकांची कमाई बुडाली त्यांच्याबद्दलच आपण वाचणार आहोत.

७ फेब्रुवारी

पहिलं वाचन, ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना'. आधी पार्श्वभूमी सांगितली. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला स्वतःच्या मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चालचलणुकीवर जे काही लिहिलं गेलं, त्याला बुलढाण्यातून एका बाईने उत्तर दिलं. १८८२ साली पुण्यात ते छापून आलं. टीका झाली, जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापेपर्यंत पुस्तकही जवळजवळ विसरलेलं होतं.

वाचायला अवघड गेलं. वाक्यं लांब आहेत, विरामचिन्हं आजच्यासारखी नाहीत, आणि बाई एकदा रागावली की पान संपेपर्यंत श्वास घेत नाही. काकूंनी वाचायला घेतलं तेव्हा जमलं. ते पुस्तक भांडणाच्या सुरातच वाचावं लागतं. बायकोवर सगळे दोष ढकलणाऱ्या पुरुषाला ती एकेक दोष मोजून परत करते, तिथे मागून आवाज आला, "हे बाई तर भल्ली तिखट आहे!" आवाज मावशींचा. विधवेला पुन्हा लग्न का नाही आणि विधुराला लगेच दुसरी का, हा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

चर्चा फार झाली नाही. पण निघताना जिन्यात बराच वेळ घोळका उभा होता. खोलीत बसलो की सभा वाटते, जिन्यात खरं बोलणं होतं. पुढच्या वेळी चहा जिन्यातच ठेवावा काय, असं मनात आलं.

१४ फेब्रुवारी

दोन लग्नं, एक बारावीची तोंडी परीक्षा. वाचन नाही.

२१ फेब्रुवारी

'स्मृतिचित्रे'. हे पुस्तक लोक अर्धवट आठवणीतून ओळखतात: कवी टिळकांच्या बायकोचं, विनोदी. विनोद आहेच. सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं येतं. बाजारातून आलेलं सारं धुऊन घ्यायचं, मीठसुद्धा! त्यावर खोलीत हसता हसता पुरेवाट झाली. पण ते सोवळं उगवलं कुठून? १८५७ नंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्यातून. हे लक्षात आल्यावर दुसऱ्यांदा तोच परिच्छेद वाचला आणि कोणी तितकं हसलं नाही.

नागपूर या पुस्तकात आहे, हे बऱ्याच जणींना माहीत नव्हतं. १८९१ साली टिळकांना इथे संस्कृत ग्रंथांच्या अनुवादाचं काम मिळालं, मग राजनांदगाव, मग १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई स्वतः १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या, नवऱ्यामागून फरफटत नाही, पाच वर्षं स्वतःशी भांडून. माझ्या मते पुस्तकाचं खरं बळ इथे आहे. मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी जात सोडते, आणि तेही कोणी व्याख्यान दिलं म्हणून नाही.

पाचव्या मजल्यावरच्या वहिनींना शंका आली. धर्म बदलणाऱ्या बाईचं कौतुक कशाला? काकू म्हणाल्या, "कौतुक करा असं कोणी म्हटलं? पुढचं पान वाचा." वहिनींनी वाचलं, आणि चांगलं वाचलं.

२८ फेब्रुवारी

आजच्या बैठकीची नोंद सविस्तर ठेवते.

कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' १९८१ चं. त्यातला संस्कृत शिकण्यावरचा लेख घेतला. नागपुरातली, महार कुटुंबातली मुलगी शाळेत संस्कृत घेते. गोखले गुरुजी जात न बघता मनापासून शिकवतात. बाकीचं जग मात्र आश्चर्याने, कुत्सितपणाने, कधी उपकाराच्या भावनेने बघत राहतं. आपल्यातलेही म्हणतात, तुला कशाला हवी ही भाषा? ती एम. ए. होते. कौतुकाचे हारतुरे होतात, नोकरी मिळत नाही. मग आंतरजातीय लग्नाने सोमकुवरची पावडे होते, आणि दार उघडतं. बाई तीच, पदवी तीच. नोकरीचं श्रेय कोणाचं, सोमकुवरचं की पावड्यांचं, हा हिशेब त्यांनी स्वतःच लेखात मांडला आहे, आणि तो कडू आहे.

वाचून झाल्यावर पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती: "आता असं काही राहिलं नाही." ती पाचव्या मजल्यावरून आली. त्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई बोलल्या. त्या आमच्या सोसायटीत राहत नाहीत, मागच्या लेआउटमधून येतात, भिशीत मात्र पहिल्यापासून आहेत. म्हणाल्या, भाड्याने खोली बघायला गेली की नावाआधी आडनाव विचारतात, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला. "कायले विचारते इतकं? भाडं तर तितकंच घेते." त्या हसत बोलल्या. बाकी कोणी हसलं नाही.

मग आडनावांवर गाडी आली. लग्नानंतर आडनाव बदललेल्या आम्ही जवळजवळ सगळ्याच. त्या बदलाने काय मिळालं, काय गेलं, हे कोणी कधी असं मांडून बघितलं नव्हतं. एकीच्या पदवीच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि बँकेत दुसरं, त्यापायी ती अजून प्रतिज्ञापत्रं करते. पण तिच्या अडचणीला आणि सोमकुवर-पावडे या अडचणीला एकाच रांगेत बसवता येत नाही, हे भाचीने सांगितलं. ते जरा फटकळपणे सांगितलं गेलं, तरी बरोबर होतं.

पाचव्या मजल्यावरच्या वहिनी लवकर उठल्या.

४ मार्च

८ मार्चची तयारी. सोसायटीच्या कमिटीला संगीत खुर्ची आणि लकी ड्रॉ हवा होता. आम्ही म्हटलं, संगीत खुर्ची करा, नंतरचा एक तास आमचा. भाची भिंतीवर लावायला 'नागपूरच्या बाया' असा तक्ता करते आहे. अनसूयाबाई काळे घेतल्या: १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपसभापती, १९५२ मध्ये नागपूरच्या खासदार. तिने बाकाबाई भोसलेही घेतल्या, आणि तिथून वाद पेटला.

"ते तर मारबतवाली!" असं कोणीतरी म्हटलं. तान्ह्या पोळ्याला निघणारी काळी मारबत बाकाबाईची, इंग्रजांना मिळाली म्हणून, असं आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलं आहे. इडापिडा घेऊन जा गे मारबत म्हणत जवळपास १४० वर्षं तो पुतळा निघतो आणि जाळला जातो. भाचीने इतिहास पुढे ठेवला. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांची ही राणी, १८१८ नंतर अज्ञान तिसऱ्या रघुजींच्या वतीने कारभार बघणारी. तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारस न ठेवता गेले आणि डलहौसीने पुढच्याच वर्षी राज्य खालसा केलं, राजवाड्यातले दागिने लिलावात गेले. १८५७ मध्ये ती इंग्रजांच्या बाजूने राहिली, हे खरं. पण इंग्रजांशी जुळवून घेणारे सरदार, संस्थानिक, सावकार काय कमी होते? त्यांच्यातल्या कोणाचा पुतळा निघतो?

मला मारबतीची मिरवणूक आवडते, अजूनही बघायला जाते. तरीही मुद्दा पटला. बाकाबाई तक्त्यावर राहिल्या, खाली निंदा नाही आणि आरतीही नाही, फक्त सनावळी.

८ मार्च

संगीत खुर्ची रंगली. मावशी शेवटच्या तिघींत होत्या.

मग 'आम्हीही इतिहास घडवला'. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं, १९८९ चं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्याशी बोलून, जुन्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या जुळवून त्यांनी हे उभं केलं. त्यातल्या जाईबाई चौधरी आम्ही आज वाचल्या. जन्म उमरेडचा, १८९२ चा. नागपुरात हमाली करायच्या, ओझी वाहायच्या. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या मदतीने शिकल्या, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई शिकवते म्हणताच सवर्णांनी मुलं काढून घेतली आणि नोकरी गेली. पुढे त्यांनी स्वतः चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली, १९२० च्या दशकात, याच शहरात.

पेन्सिलच्या खुणा सगळ्यात जास्त पुढच्या भागावर होत्या. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. देशभरातल्या शिकलेल्या, सुधारक बायका. तिथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना आणि त्यांच्यासोबतच्या बायकांना वेगळं बसवलं गेलं. १ जानेवारी १९३८ ला दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली. एवढंच वाचून काकू थांबल्या आणि चष्मा पुसू लागल्या. महिला दिनाला हेच कशाला, असं एका कमिटी सदस्याने दारातून विचारलं. काकूंनी मान वर न करता सांगितलं, "बसा, अजून आहे."

अजून होतं ते २० जुलै १९४२ चं. मोहन पार्कवर दलित वर्गाच्या अधिवेशनाबरोबर महिलांची परिषद झाली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या होत्या. घटस्फोटाचा कायदेशीर हक्क, एकाहून जास्त बायका करण्याला बंदी, गिरण्या, विडी कारखाने आणि नगरपालिकांत काम करणाऱ्या बायकांना रजा आणि सोयी, असे ठराव झाले. बाबासाहेब बोलले: समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो; लग्नाची घाई करू नका; नवऱ्याशी मैत्रिणीच्या नात्याने, बरोबरीने वागा, दासी होऊ नका. हे वाक्य आता मोबाईलवर फिरतं. ते नागपुरात, बायकांच्या सभेत बोललं गेलं हे खोलीतल्या निम्म्या जणींना आज कळलं. ठरावांची तारीख बघून भाची म्हणाली, हिंदू कायद्यात घटस्फोट आणि एकपत्नीत्व देशभर आलं १९५५ मध्ये.

शिवणकामवाल्या ताई म्हणाल्या, त्यांची आजी त्या सभेला गेली होती असं घरी सांगतात. पायी. कुठून, ते विचारायला आता घरात कोणी नाही.

१० मार्च

सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता गेल्या. 'काव्यफुले' मधल्या दोन कविता मुलांनी म्हटल्या. त्यांच्या शाळेतल्या मुक्ताचा निबंधही वाचला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा, १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापलेला. मोठ्यांपेक्षा मुलांनी जास्त लक्ष दिलं, कारण लिहिणारी चौदा-पंधरा वर्षांचीच होती.

१४ मार्च

कुसुमावती देशपांडे. त्यांच्या कथांपेक्षा आधी एक आकडा निघाला. त्या १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, पहिल्या स्त्री अध्यक्ष. १८७८ पासूनच्या या परंपरेत मग दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. झाल्या सहा. संमेलनं तोवर ९८.

'दीपकळी'तली एक कथा वाचली. संथ वाटली असं दोघींनी स्पष्ट सांगितलं, आणि ताराबाईंनंतर कोणीही संथच वाटणार. मला ती आवडली. आशा बग्यांच्या 'भूमी'ला मात्र सगळ्यांनी हात वर केले, २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे म्हणून नाही, लेखिका नागपूरची म्हणून. जाडी बघून उन्हाळ्यासाठी ठेवली.

पाचव्या मजल्यावरच्या वहिनी आजही आल्या नाहीत. 'स्मृतिचित्रे'ची प्रत त्यांच्याकडे आहे. ती मागायला कोणी जाऊ नये असं ठरलं.

२१ मार्च

हिशेब झाला. पुस्तकांचे पाचशे आणि झेरॉक्सचे एकशे ऐंशी वजा जाऊन भिशी चालू. पुस्तकं सोसायटीच्या लोखंडी कपाटात, किल्ली मावशींकडे, कारण त्या दुपारी घरी असतात आणि कोणी काय नेलं ते विसरत नाहीत. 'रुचिरा' सारखी बाहेर असते.

पुढच्या टप्प्यात गीता साने यांचं 'चंबळची दस्युभूमी', बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा'. याशिवाय भाचीचा एक प्रस्ताव. मावशींची आई एम्प्रेस मिलमध्ये धागा गुंडाळण्याच्या खात्यात होती. १८७७ मध्ये टाटांनी सुरू केलेली ही गिरणी आता नाही, तिच्यात राबलेल्या बायकाही कमी उरल्या. पवार आणि मूनबाईंनी जसं बायकांना गाठून विचारलं तसं आपण मावशींना विचारायचं, रेकॉर्ड करायचं, लिहून काढायचं. मावशी आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या की आईचा गिरणीचा बिल्ला आणि एक पगाराची पावती ट्रंकेत असेल, बघते.

प्रश्न काढायला ताई आणि भाची बसल्या आहेत. आतापर्यंतचे: कामावर किती वाजता जायची, लहान मुलं कुठे ठेवायची, पगार कोणाच्या हातात यायचा, प्यायच्या पाण्याचे माठ वेगळे होते काय, संपाच्या वेळी घर कसं चाललं. शनिवारी चारला, खोलीत नको, मावशींच्या घरी. मोबाईल भाचीने चार्ज करून आणायचा.